काटा पुण्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

मोजक्या वस्तूंत राहणाऱ्या माणसानं जुनी वस्तू कधी बदलावी आणि आहे तीच कधी वापरत राहावी, हा आजचा विषय. वरवर सोपा आहे. मिक्सर जळाला, नवा आणला, संपलं. पण तो जळत नाही ना! कुरकुरतो, तापतो, वास मारतो आणि तरी चटणी वाटून देतो. पंचाईत होते ती असल्या वस्तूंची.

माझ्या मामांची गोष्ट सांगतो. ती सांगायला मिळेल म्हणूनच मी या भाषणाला हो म्हटलं, हे आधीच कबूल करून टाकतो.

मामा एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत होते. तिथे बसची बॉडी बांधतात. चॅसिस, म्हणजे इंजिन, चाकं आणि खालचा सांगाडा, कंपनीकडून येते. पत्रे, खिडक्या, बाकडी तिथे चढवतात. मामांचे सदरे तीन होते: एक अंगात, एक दोरीवर, एक घडीचा. मिनिमलिझम हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसावा. हल्ली त्या नावाखाली लोक एकसारख्या काचेच्या चोवीस बरण्या विकत आणतात आणि जुने स्टीलचे डबे बोहारणीला देतात. तिचं भलं होतं, एवढाच त्यातला फायदा.

तर मामांकडे एक ट्रान्झिस्टर होता. चामड्याचं कव्हर, चार मोठे सेल. सेल उतरले की ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे, हे तुमच्याही घरी झालं असेल. एक दिवस त्या रेडिओचा आतला दोरा तुटला. जुन्या सेटमध्ये बटण फिरवलं की एक बारीक दोरा आतली गँग, म्हणजे स्टेशन बदलणारा भाग, फिरवतो आणि काटा सरकवतो. दोरा तुटला की बटण नुसतं गरगरतं, स्टेशन मात्र जिथल्या तिथे राहतं. मामांचा काटा नेमका पुण्यावर होता, 792 किलोहर्ट्झवर. मी म्हटलं, ‘मामा, दोरा बसवून आणू का?’ ते म्हणाले, ‘मला पुणंच ऐकायचं असतं. दोरा बसवून जाऊ कुठं?’

सात वर्षं तो रेडिओ तसाच चालला. सकाळी उठायचं, आवाजाचं बटण फिरवायचं, पुणे केंद्र हजर.

मग 2012 साली माझा पहिला पगार झाला. मी त्यांना नवा रेडिओ आणला. चार्जिंगचा. पेन ड्राइव्ह चालायचा, पुढे निळा दिवा लागायचा, मागे टॉर्चसुद्धा होती. मामांनी चष्मा लावून सगळी बटणं पाहिली आणि म्हणाले, ‘छान आहे. आता पुणं लाव.’ मी लावायला गेलो. शोधतोय, शोधतोय. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की मामांचं पुणे केंद्र जिच्यावर लागायचं ती मीडियम वेव्हच त्यात नव्हती. नुसता एफ.एम. होता! अकरा सोयी होत्या आणि मामांना लागणारी एकच नव्हती. मामा काही बोलले नाहीत. पुढे लाइट गेले की संडासच्या वाटेवर त्यातली टॉर्च वापरायचे.

मला ते लागलं. म्हणून मी गुपचूप जुना रेडिओ नेला. कारागिरानं पुलीवरून नवा दोरा ओवला, स्प्रिंग ताणून बसवली आणि वीस मिनिटांत माझ्या हातात दिला. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखा सरकायला लागला. मी विजयी मुद्रेनं परत आणून ठेवला.

आठव्या दिवशी मामांचा फोन. ‘तू रेडिओ बिघडवलास.’ धावत गेलो. झालं होतं असं, की शेजारची मुलगी खेळायला आली होती आणि तिनं बटण फिरवलं. मामांनी सकाळी रेडिओ लावला तर नुसती खरखर. ‘सात वर्षं माझं स्टेशन जागेवर होतं,’ मामा म्हणाले, ‘तू आठ दिवसांत हलवलंस!’ मी काटा पुन्हा पुण्यावर आणला. मामांनी देवघरातली मेणबत्ती घेतली, पेटवली आणि त्या बटणाच्या बुडाशी टपटप मेण गाळलं. बटण पक्कं बसलं. मग मला चहा मिळाला. कपात, बरं का. कागदी पेल्यातल्या चहाला मी चहा म्हणत नाही.

आता तुम्ही म्हणाल, जुनं धरून बसणारा माणूस. तर ऐका. याच मामांनी चार-पाच वर्षांनी घरातले तिन्ही चालू पंखे एका आठवड्यात काढून टाकले. चालू पंखे! बी.एल.डी.सी., म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, बसवले. हिशेब त्यांनी बिलाच्या पाठीमागे मांडला होता. जुना पंखा साधारण 75 वॉटचा, नवा 30 च्या आसपास. पंख्यामागे 45 वॉट वाचतात. बारा तास चालला की अर्ध्या युनिटहून थोडं जास्त. पुन्हा सांगतो, एका पंख्यामागे दिवसाला अर्धा युनिट, तीन पंख्यांचं दीड. ‘पंखा चालतोय हे खरं,’ मामा म्हणाले, ‘पण मीटर पण चालतोय.’

आणि गॅसची नळी? रेडिओ सात वर्षं तुटका चालवणारा हा माणूस सुरक्षा नळी पाच वर्षं झाली की बदलायचा. तारीख भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेली असायची. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅसची नळी, एकदा आपटलेलं हेल्मेट, इथे ‘अजून चालतंय ना’ हे बोलायचंच नाही.

त्यांची कसोटी कार्यशाळेतलीच होती: आधी चॅसिस बघ, मग बॉडी. चॅसिस धड असेल तर बॉडी बदल. चॅसिसच गेली असेल तर पत्र्याला रंग देऊ नकोस. मिक्सरचा कपलर झिजला, कार्बन ब्रश संपले, ती बॉडी. मोटरचं वाइंडिंग जळालं की चॅसिस गेली. कुकरचं रबर ही बॉडी, फुगलेला बूड ही चॅसिस. मोबाइलची बॅटरी टिकेनाशी झाली तर बॅटरी बदला. पण कंपनीनं सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं असेल आणि त्याच फोनवर तुमची बँक असेल, तर तिथे चॅसिस गेली. लक्षात ठेवा, आधी चॅसिस, मग बॉडी. सुटे भाग कुठे मिळतील, दुरुस्ती कोण करेल, यासाठी केंद्र सरकारनं 2022 च्या डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअर नावाचं पोर्टल काढलं आहे. नवं घेण्याआधी तिथे एकदा नजर टाका.

आणि हो, आहेरात आलेली भिंतीवरची घड्याळं या कसोटीत बसत नाहीत. त्यांना चॅसिसही नसते. आहेर बंद व्हायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे; पण त्यावर वेगळं भाषण लागेल.

मामा गेले. रेडिओ आता माझ्याकडे आहे. बटणाच्या बुडाशी मेण अजून तसंच आहे, वर्षानुवर्षांची धूळ बसून काळं पडलंय. परवा मुलगा म्हणाला, ‘बाबा, हे खरवडून साफ करू का?’ मी त्याच्या हातातला चमचा काढून घेतला.

नमस्कार.