‘ओके’ आलं म्हणजे निरोप पोहोचला असं नाही

(इंदूरमधल्या मराठी वाचनालयांच्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, संगणकावरून एसएमएस पाठवायचा म्हटलं की लोकांना तो काहीतरी जुगाड वाटतो. पण पहिला एसएमएस संगणकावरूनच गेला होता. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या इंजिनिअरने कीबोर्डवर ‘मेरी ख्रिसमस’ टाइप केलं आणि ते व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या हँडसेटवर उमटलं.

आपलं काम त्याहून साधं. सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे, पुस्तकाची तारीख उलटली की निरोप जायला हवा. सिम घातलेला जीएसएम मोडेम (मोबाइल नेटवर्कशी बोलणारं छोटं यंत्र) किंवा तशी सोय असलेला जुना फोन यूएसबीला जोडा. संगणकाला एक पोर्ट दिसतो. टर्मिनल प्रोग्रॅममधून त्यावर ‘एटी’ (AT, सगळ्या आज्ञा आणि आकडे रोमनमध्येच) लिहून एंटर दाबा. उलट ‘ओके’ आलं की समजायचं, बोलणं सुरू झालं. ही भाषा हेज कंपनीच्या १९८१ च्या मोडेमपासून चालत आली आहे. मग ‘एटी+सीएमजीएफ=१’, म्हणजे साधा मजकूर पाठवायचा आहे. मग ‘एटी+सीएमजीएस=’ आणि अवतरणात नंबर. मोडेम ‘>’ दाखवून थांबतो. मजकूर लिहा आणि कंट्रोल-झेड दाबा. इथे एंटर दाबून वाट बघत बसू नका, एंटरने नुसती नवी ओळ होते. थोड्या वेळाने एक क्रमांक येतो आणि खाली ‘ओके’.

खरा घोटाळा इथे होतो. या ‘ओके’चा अर्थ इतकाच, की कंपनीच्या संदेश केंद्राने निरोप ठेवून घेतला. स्पीड पोस्टची पावती हातात आली, पत्र अजून टपालातच. सभासदाचा फोन बंद असेल तर केंद्र थांबतं, पुन्हा प्रयत्न करतं, मुदत संपली की निरोप टाकून देतं. पोहोच हवी असेल तर डिलिव्हरी रिपोर्ट वेगळा मागावा लागतो. तो मागाहून येतो आणि त्यावर तोच क्रमांक असतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये तो क्रमांक जपा आणि ‘दिला’ व ‘पोहोचला’ असे दोन रकाने ठेवा. एकच रकाना ठेवलात तर सभासद ‘मला काही आलंच नाही’ म्हणेल तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल.

आता मराठीचं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजीत त्यात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. आणि त्या ७० त काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘व्याख्यानमाला’ डोळ्यांना पाच अक्षरं, मोजणीत तेरा! लांब मजकुराचे तुकडे होतात आणि जोडणीची माहिती मध्ये घुसल्यामुळे प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. पैसे मात्र प्रत्येक तुकड्याचे. इंग्रजी मजकुरात ₹ चिन्ह टाकलंत तरी अख्खा संदेश ७० वर येतो. तिथे ‘रु.’ रोमनमध्ये लिहा, फुकटात काम होतं. गॅम्यूसारखा तयार प्रोग्रॅम वापरलात तर मराठीसाठी युनिकोडचा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर समोर प्रश्नचिन्हांची रांग जाईल.

हल्लीचे बहुतेक स्मार्टफोन केबलवर असा पोर्ट देत नाहीत. तिथे फोनमध्येच गेटवेचं, म्हणजे संगणकाकडून निरोप घेऊन एसएमएस सोडणारं, अ‍ॅप टाकायचं आणि संगणकाने वायफायवरून त्याला काम सांगायचं. एका अ‍ॅपने थोड्या वेळात फार संदेश सोडले तर अँड्रॉइड मध्येच परवानगी विचारतं, म्हणून दोन संदेशांत अंतर ठेवा. हे सगळं आपल्या सभासदांच्या आठवणीपुरतं. सियागंजातल्या एखाद्या व्यापाऱ्याने सेलची जाहिरात तुमच्या सिमवरून पाठवायला सांगितली तर सरळ नाही म्हणा. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे व्यापारी संदेशांना नोंदणी लागते. साध्या दहा आकडी नंबरवरून घाऊक जाहिराती गेल्या तर नंबरच बंद होऊ शकतो.

इथल्या जेल रोडच्या बाजारात मोडेम घ्यायला गेलात तर आधी विचारा, टूजी आहे की फोरजी. टूजीच्या मोडेममध्ये जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं टूजी नेटवर्कच नाही.