चिकट थराचं रसायन

(नेल टेक्निशियन आणि शिकाऊ मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मी रसायनशास्त्र शिकवते. नखावर साधं फूलही मला काढता येणार नाही, तेव्हा डिझाइनबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. तुमच्या टेबलावरच्या बाटल्यांबद्दल मात्र बोलेन.

अॅक्रिलिक नखं आली दातांच्या दवाखान्यातून. १९५०च्या दशकात फिलाडेल्फियातल्या फ्रेड स्लॅक नावाच्या दंतवैद्याचं नख तुटलं आणि त्यानं हाताशी असलेल्या दातांच्या अॅक्रिलिकनंच ते नीट केलं. ब्रश द्रवात बुडवून पावडर उचलता ना, ते मूळचं कवळीवाल्यांचं सामान. सुरुवातीच्या द्रवात मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए असायचं. इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकानं, १९७०च्या दशकात शुद्ध एमएमए विकणाऱ्यांवर कारवाई केली. त्याच्या जागी इथाइल मेथाक्रिलेट आलं, पण एमएमए स्वस्त, त्यामुळे ते अजून बाजारात सापडतं. त्याचं नख इतकं कडक होतं की दारात अडकलं तर ते मोडत नाही, खालचं खरं नख घेऊन निघतं. वास उग्र असेल आणि अॅसिटोनमध्ये बराच वेळ ठेवूनही सुटत नसेल, तर बाटली बदला.

आता जेल. अतिनील प्रकाशाच्या लॅम्पखाली जेलमधले सुटे रेणू, म्हणजे मोनोमर, एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या बनतात. हवेतला ऑक्सिजन वरच्या थरात ही जोडणी अडवतो, म्हणून बोटाला चिकट लागतं. तो चिकटपणा म्हणजे न जोडलेले रेणू. क्लायंटच्या नखावर ते दोन मिनिटं असतात. तुम्ही ते दिवसभर पुसता, लग्नसराईत तर रात्रीपर्यंत. त्यातलं एचईएमए, म्हणजे हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट, त्वचेत सहज शिरतं आणि एकदा अॅलर्जी जडली की ती सहसा जन्मभराची. बोटांची टोकं फुटतात, कधी पापण्या सुजतात, आणि आपण साबणाला दोष देतो. दात भरायच्या काही मसाल्यांत याच कुळातली संयुगं असतात, हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या सिमेंटमध्ये तर एमएमएच. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी आपलं काम सांगा.

एका कंपनीचं जेल आणि मिळेल तो लॅम्प, ही जोडी मला सगळ्यात जास्त खटकते. लॅम्प त्या जेलला जुळला नाही तर नख वरून कडक, आत कच्चं. युरोपीय संघानं एचईएमए असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांपुरती ठेवली आहेत आणि टीपीओ हा जेल पक्कं करणारा घटक १ सप्टेंबर २०२५पासून बंद केला आहे. क्लायंट विचारतील, उत्तर तयार ठेवा.

कारागिरांच्या आरोग्यासाठी काही झाल्याचं उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. १९७५ साली व्हिएतनाममधून आलेल्या वीस निर्वासित बायकांना, अभिनेत्री टिपी हेड्रेनच्या पुढाकारानं, सॅक्रामेंटोजवळच्या छावणीत हे काम शिकवलं गेलं. इंग्रजी फार लागत नाही, शिक्षण लवकर संपतं, रोजचा पैसा सुटतो. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये ईशान्येकडच्या मुली या कामात का दिसतात, त्याचं उत्तर बरंचसं यात आहे. पुढे अमेरिकेत हा धंदा बराचसा व्हिएतनामी कुटुंबांचा झाला. २००५ साली कॅलिफोर्नियात सलूनमधल्या कामगारांच्या आरोग्यासाठी संघटना उभी राहिली. टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट हे नेलपॉलिशमधले तीन घटक हटवा, खोलीत हवा खेळती ठेवा, ही तिची मागणी. २०१०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं असे नियम पाळणाऱ्या सलूनना मान्यता द्यायचा ठराव केला.

आपल्याकडे काय? एसी चालू, दार बंद, तोंडावर सर्जिकल मास्क. तो धूळ थोडीफार अडवतो, वाफ अजिबात नाही. हवा बाहेर फेकणारा पंखा मालकाकडे मागा, एकटीनं नको, चौघी मिळून मागा. नायट्राइलचे ग्लोव्हज वापरा, जेल लागलं की लगेच बदला. लेटेक्समधून मोनोमर आरपार जातो. ग्लोव्हजची किंमत रीफिलच्या, म्हणजे नख वाढल्यावर पुन्हा भरून द्यायच्या, दरातच धरा. क्लायंट घासाघीस करायला लागली तर एखादा खडा कमी लावा.