अनुभवी एमटीचा रेझ्युमे

तुमच्यापैकी बहुतेकजण वर्षानुवर्षं एमटी, म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्ट, म्हणून डॉक्टरांनी बोलून सांगितलेल्या नोंदींचे लेखी रिपोर्ट करत आहेत, त्यामुळे कामाची जास्त ओळख करून देत नाही. मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. अनुभवी माणसांच्या रेझ्युमेत ते पहिल्या चार ओळींत हमखास असतं: ‘डॉक्टरांचं डिक्टेशन ऐकून अचूक टाइप करणे.’ वाक्य खोटं नाही. पण नुकतंच प्रशिक्षण संपवून आलेला उमेदवारही हेच लिहितो. मग तुमची दहा-बारा वर्षं त्या कागदावर दिसणार कुठे?

ती वर्षं तुमच्या कानात आहेत आणि तुम्ही घेत असलेल्या निर्णयांत आहेत. हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन ही दोन औषधं घाईच्या डिक्टेशनमध्ये जवळजवळ सारखी ऐकू येतात. पहिलं रक्तदाबाचं, दुसरं खाज किंवा अस्वस्थता कमी करणारं. तुम्ही रुग्णाचा पूर्वेतिहास बघता, डोस बघता, आणि तरीही खात्री होत नसेल तर जागा कोरी (ब्लँक) सोडून फाइलवर शंकेची खूण (फ्लॅग) करता. सुरुवातीला डावा गुडघा आणि शस्त्रक्रियेच्या वर्णनात उजवा असं आलं, तर तुम्ही थांबता. अंदाजाने काही भरत नाही. याला मी या व्यवसायातलं सर्वांत मोलाचं कौशल्य मानतो, आणि रेझ्युमेत त्याचाच उल्लेख नसतो. तो करा, साध्या शब्दांत: ‘डिक्टेशनमधल्या विसंगती, बाजू आणि डोस यांतल्या चुका ओळखून क्यूएकडे पाठवणे.’ (क्यूए म्हणजे रिपोर्टांची गुणवत्ता तपासणारे.)

मग काम कोणत्या प्रकारचं केलं ते सांगा. हिस्टरी अँड फिजिकल (पूर्वेतिहास आणि शारीरिक तपासणी), कन्सल्टेशन (तज्ज्ञाचा सल्ला), ऑपरेटिव्ह रिपोर्ट (शस्त्रक्रियेचं वर्णन) आणि डिस्चार्ज समरी (घरी सोडतानाचा सारांश) या चार मूळ रिपोर्टांपैकी कोणते जास्त केले? क्लिनिक नोट्स की रुग्णालयाचं काम? ‘मल्टिस्पेशालिटी’ एवढ्या एका शब्दावर भागवू नका. ऑर्थोपेडिकच्या ऑपरेटिव्ह नोटमधली उपकरणांची नावं ओळखणं वेगळं आणि कार्डिऑलॉजीचा कॅथ रिपोर्ट (हृदयाच्या कॅथेटर तपासणीचा) करणं वेगळं. ज्यात हात बसलाय ती स्पेशालिटी आधी लिहा, थोडंफार केलेली नंतर. उच्चार समजायला कठीण असणाऱ्या डॉक्टरांचं काम (अकाउंट) तुमच्याकडे मुद्दाम दिलं जात असेल, तर तेही लिहा. असे कान तयार व्हायला काळ जावा लागतो, आणि वाचणाऱ्या क्यूए लीडला त्याची किंमत माहीत असते.

आकड्यांबाबत मी जरा आग्रही आहे. रोजचा लाइन काउंट, म्हणजे टाइप केलेल्या ओळींची संख्या, लिहिता, पण लाइन कोणती? 65 कॅरॅक्टरची लाइन हे रूढ माप असलं, तरी स्पेस धरून की सोडून, हेडर-फूटर मोजून की वगळून, यावर आकडा बदलतो. मापाचा आधार शेजारी लिहा. सरळ टायपिंगचा काउंट आणि स्पीच रेकग्निशनच्या, म्हणजे यंत्राने आवाजावरून तयार केलेल्या, ड्राफ्टवरच्या एडिटिंगचा काउंट एकत्र तर कधीच करू नका. दोन्हींचा वेग वेगळा, मोबदलाही बहुधा वेगळा, आणि एकत्र आकडा दिला की वाचणारा दोन्हींवर शंका घेतो. अचूकतेचंही तसंच. बऱ्याच ठिकाणी किमान 98 टक्क्यांची अपेक्षा असते. तुमचा स्कोअर कुणी काढला, क्यूएने की क्लायंटच्या ऑडिटने, आणि किती काळाचा, हे सांगितलं की त्या आकड्याला वजन येतं. शंभर टक्के लिहू नका, या धंद्यातला माणूस त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता एडिटिंग. काम झपाट्याने तिकडे सरकलंय, म्हणून ते रेझ्युमेच्या वरच्या भागात हवं. यंत्राची चूक माणसाच्या टायपिंगच्या चुकीसारखी डोळ्यांत भरत नाही. वाक्य व्याकरणशुद्ध असतं, फक्त त्यातला नकाराचा ‘नो’ गळलेला असतो, आणि नसलेला आजार रुग्णाच्या नावावर चढतो. ऑडिओशी ताडून हे पकडण्याचा अनुभव आज विकला जातो. सोबत डिक्टेशनच्या किंवा रुग्णनोंदींच्या कोणत्या संगणक प्रणालीवर काम केलं ते नावानिशी लिहा: ईस्क्रिप्शन, एपिक, सर्नर, जे खरोखर हाताळलं असेल ते. शिक्षण एका ओळीत पुरे.

प्रमाणपत्रांच्या नावांत गोंधळ होतो. 1978 साली स्थापन झालेली अमेरिकेतली एएएमटी ही मेडिकल ट्रान्सक्रिप्शनची संघटना 2007 पासून एएचडीआय झाली. आरएमटी (नोंदणीकृत एमटी) आणि सीएमटी (प्रमाणित एमटी) या तिच्या प्रमाणपत्रांची नावंही पुढे आरएचडीएस आणि सीएचडीएस झाली. तुमच्या हातात जे आहे त्याचं नाव आणि वर्ष द्या, मुदत संपली असेल तर तेही स्पष्ट लिहा.

एका गोष्टीत अजिबात तडजोड नको. कामाचा नमुना म्हणून खरा रिपोर्ट कधीही जोडू नका, नाव खोडूनसुद्धा नाही. हिपा हा आरोग्यविषयक माहितीबाबतचा 1996 चा अमेरिकेचा कायदा. त्याखालच्या गोपनीयतेच्या नियमांत ओळख पुसण्याच्या एका पद्धतीसाठी 18 प्रकारची माहिती काढावी लागते. त्यात नावाबरोबर दाखल झाल्याची तारीख, रेकॉर्ड क्रमांक, पत्त्याचे तपशील हे सगळं येतं. एवढं पुसून उरलेला रिपोर्ट दाखवण्यापेक्षा नमुना स्वतः रचा आणि तो काल्पनिक आहे असं वर लिहा. करारात मनाई असेल तर रुग्णालयाचं नावही देऊ नका. ‘मोठं शिकवणारं रुग्णालय, शल्यविभाग’ एवढं पुरतं. गोपनीयता पाळणारा माणूस कागदावरच ओळखू येतो.

क्यूए, स्क्राइब किंवा कोडिंगच्या जागेसाठी अर्ज करणार असाल, तर हाच रेझ्युमे तसाच पाठवू नका. क्यूएसाठी तुम्ही इतरांच्या फाइल्स तपासल्या का, नव्या लोकांना फीडबॅक दिला का, हे वर आणा. स्क्राइबला रुग्णासमोर जिवंत संभाषण टिपायचं असतं, तिथे वेग आणि वैद्यकीय शब्दज्ञान आधी. कोडिंगसाठी, म्हणजे आजार-उपचारांना ठराविक कोड देण्यासाठी, मात्र वेगळं प्रशिक्षण लागतं. शब्द ओळखता येतात म्हणून कोडिंग येतं असं सुचवू नका.

रेझ्युमे आवडला की बहुतेक ठिकाणी चाचणी घेतात, आणि तुम्ही ज्या स्पेशालिटीचं नाव सर्वांत वर लिहिलंय त्यातलीच ऑडिओ फाइल समोर येऊ शकते. म्हणून पाठवण्याआधी त्या यादीकडे पुन्हा बघा. कार्डिऑलॉजी लिहिलंय, पण शेवटचा इको रिपोर्ट (हृदयाच्या सोनोग्राफीचा) करून बरीच वर्षं झाली असतील, तर ते नाव खाली घ्या.