पोहांगचं पोलाद आणि आठ फाशी

(वाशी येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

सायन-पनवेल रस्त्यावर तासभर गाडी अडकली, एखादा उड्डाणपूल वर्षानुवर्षं अर्धवट उभा राहिला, की कुणीतरी म्हणतंच, "या देशाला थोडी हुकूमशाहीच पाहिजे." लोकलच्या डब्यात म्हणतात, सोसायटीच्या सभेत म्हणतात. वयस्कर मंडळी त्यात भर घालतात की आणीबाणीत गाड्या कशा वेळेवर धावत होत्या. असं बोलणाऱ्यांना मी वाईट मानत नाही. त्यांची घाई खरी आहे. गरिबी लवकर हटावी असं वाटण्यात गैर काय? म्हणूनच त्यांच्या बाजूचं सगळ्यात बळकट उदाहरण मी आज निवडलं आहे: दक्षिण कोरिया आणि तिथला लष्करशहा पार्क चुंग-ही. दुबळं उदाहरण घेऊन वाद जिंकण्यात अर्थ नसतो.

आधी त्यानं काय केलं ते हात न आखडता सांगतो. 16 मे 1961 रोजी या मेजर जनरलनं सत्ता बळकावली. 26 ऑक्टोबर 1979 रोजी त्याच्याच गुप्तचर संस्थेच्या प्रमुखानं, किम जे-ग्यूनं, मेजवानीत त्याला गोळ्या घातल्या. मधली साडेअठरा वर्षं त्याची. तो आला तेव्हा देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला शंभर डॉलरच्या आतबाहेर होतं, गेला तेव्हा दीड हजारांच्या पुढे. 1964 मध्ये निर्यात 10 कोटी डॉलरची होती, 1977 मध्ये ती 1000 कोटींवर पोचली. सुरुवातीला हा देश प्लायवूड, कपडे आणि माणसांच्या केसांचे टोप विकत होता. पुढे तो पोलाद आणि जहाजं विकू लागला. पोहांगच्या पोलाद कारखान्याला कर्ज द्यायला जागतिक बँक तयार नव्हती, प्रकल्प परवडणार नाही असं तिचं मत होतं. पार्कनं जपानकडून 1965 च्या करारानं मिळालेला पैसा तिकडे वळवला आणि 1973 मध्ये तिथं पोलाद वाहू लागलं. सोल ते पुसान हा 428 किलोमीटरचा महामार्ग अडीच वर्षांच्या आत बांधून झाला. त्या कामात 77 जण मेले, हेही याच ओळीत सांगायला हवं.

ही नुसत्या धाकाची किमया नव्हती. पार्कनं बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या होत्या, आणि स्वस्त कर्ज कुणाला द्यायचं हे निर्यातीवरून ठरत होतं. दर महिन्याला निर्यातीच्या बैठकीला तो स्वतः बसायचा. मंत्री, अधिकारी, कारखानदार सगळे समोर. माल परदेशात खपला तर पुढचं कर्ज, नाही तर हात आखडता. लाडक्या उद्योगपतीलासुद्धा परदेशी गिऱ्हाइकाची परीक्षा चुकत नव्हती. माझ्या मते पार्कचं खरं आर्थिक कर्तृत्व इथं आहे आणि ते मोठं आहे.

आता दुसरी बाजू. यातलं किती पार्कचं? जमीनदारी मोडून कुळांना जमीन देण्याचं काम 1950 च्या सुमारास, त्याच्या आधी झालं होतं. बहुसंख्य लोक लिहायला-वाचायला शिकले तेही आधीच. एप्रिल 1960 मध्ये विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून तेव्हाचा म्हातारा अध्यक्ष सिंगमन री घालवला, त्यानंतर निवडून आलेल्या सरकारनं पंचवार्षिक योजनेचा आराखडा केला, आणि लष्करानं सत्तेबरोबर तो आराखडाही उचलला. अमेरिकेची मदत होती. व्हिएतनामच्या युद्धात तीन लाखांवर कोरियन सैनिक पाठवून मिळवलेला पैसा होता, त्यात सुमारे पाच हजार पोरं परत आली नाहीत. शिकलेली, जमिनीचा तुकडा हाती असलेली जनता पार्कला आयती मिळाली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तारखांची आहे. 1963, 1967 आणि 1971 या तिन्ही वर्षी पार्क निवडणूक लढवून अध्यक्ष झाला. निवडणुका निर्मळ नव्हत्या, गुप्तचर होते, पैसा होता. पण विरोधी पक्ष होता आणि तो जिंकू शकत होता. 1971 मध्ये विरोधी पक्षाचे किम दे-जुंग यांनी 45 टक्क्यांच्या आसपास मतं घेतली. कोरियाची गाडी वेगानं सुटली ती याच काळात. संपूर्ण हुकूमशाही आली ऑक्टोबर 1972 मध्ये, 'युशिन' राज्यघटनेनं. संसद बरखास्त, थेट निवडणूक बंद, अध्यक्षपद जवळजवळ तहहयात. म्हणजे विकासासाठी लोकशाही गुंडाळावी लागली, हे म्हणणं घटनाक्रमातच बसत नाही. विकास चालू होता. धोक्यात आली होती ती पार्कची खुर्ची. युशिननंतर जड उद्योग जोरात उभे राहिले हे मान्य, उल्सानची जहाजबांधणी त्याच काळातली. पण त्याच घोडदौडीत कर्ज आणि महागाई इतकी वाढली की 1980 मध्ये अर्थव्यवस्था वाढायच्या ऐवजी आकसली.

आणि 1972 च्या त्याच शरद ऋतूत, युशिनच्या महिनाभर आधी, फिलिपिन्समध्ये अध्यक्ष मार्कोसनं लष्करी कायदा लावला होता. शिस्त, विकास, नवा समाज, भाषा तीच. 1960 च्या सुमारास फिलिपिन्स कोरियापेक्षा बराच सुखवस्तू होता. 1986 मध्ये मार्कोस पळाला तेव्हा देशाच्या डोक्यावर 26 अब्ज डॉलरच्या घरात कर्ज होतं, आणि आधीच्या दोन वर्षांत उत्पन्न दरवर्षी सुमारे 7 टक्क्यांनी घटलं होतं. तुरुंग दोन्हीकडे भरले, पोलाद एकीकडेच झालं. तेव्हा तुरुंगातून पोलाद निघतं असं कसं म्हणायचं? आपल्या आणीबाणीचंही पाहा. 1975-76 मध्ये अर्थव्यवस्था 9 टक्क्यांनी वाढली आणि श्रेय शिस्तीला मिळालं. पाऊस उत्तम झाला होता. पुढच्या वर्षी, तीच आणीबाणी, तेच मिसाबंदी आत, आणि वाढ सव्वा टक्क्याच्या आसपास.

इथवर आलं की हुकूमशाहीचे टीकाकार थांबतात. मला थांबता येत नाही, कारण पुढचा भाग अडचणीचा आहे. पार्कचे काही अन्याय विकासासाठी लागत नव्हते, पण काही लागत होते. स्वस्त मजुरी हा त्या निर्यातीचा पायाच होता, आणि मजुरी स्वस्त राहिली ती संघटना मोडून काढल्यामुळे.

सोलच्या प्योंगह्वा बाजारात कपडे शिवण्याच्या शेकडो खोल्या होत्या. जागा वाचवायला खोलीच्या मध्यावर फळ्या टाकून माळे काढलेले, तिथं उभं राहता यायचं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या, काही त्याहून लहान मुली तिथं चौदा-चौदा तास काम करायच्या. कापसाची धूळ छातीत जायची. जॉन ते-इल नावाचा एक तरुण तिथं शिलाईकाम आणि कटिंग करायचा. आपल्या देशात कामगार कायदा आहे हे त्याला कळलं. 1953 पासून होता. त्यानं कायद्याचं पुस्तक मिळवलं, अडत अडत वाचलं, कामगारांकडून प्रश्नावली भरून घेतली, सरकारी कार्यालयात अर्ज दिले. त्यानं मागितलं काय? आठवड्याची सुट्टी, डॉक्टरी तपासणी, खिडकी. जे कायद्यात लिहिलेलंच होतं ते. कुणी दाद घेतली नाही. 13 नोव्हेंबर 1970 रोजी त्यानं कायद्याच्या पुस्तकासह स्वतःला पेटवून घेतलं. "आम्ही यंत्रं नाही," असं ओरडत तो बाजारातून धावला. वय 22.

मंडळी, या माणसाला कुठल्या रकान्यात घालायचं? निर्यात शंभरपट झाली हे आपण आकड्यात मांडतो, आणि त्या मुलींच्या फुप्फुसांना 'किंमत' म्हणतो. पण किंमत मोजणारा आणि माल घेणारा एकच असेल तर तो व्यवहार. इथं मोजलं एकानं आणि घेतलं दुसऱ्यानं. माझ्या खात्यातली उधारी तुमच्या खात्यातल्या जमेनं फिटत नाही, हे वाण्याच्या दुकानातलं पोरही सांगेल. मुलींची मुलं पुढे शिकली, सुखी झाली, मला त्याचा आनंद आहे. त्या मुलींना मात्र कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारणं परवडलं नसतं असंही नाही. 1987 मध्ये लोकांनी रस्त्यावर येऊन थेट निवडणूक परत मिळवली, संपांची लाट आली, मजुरी भराभर वाढली. अर्थव्यवस्था कोसळली का? दरडोई उत्पन्न तेव्हा साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होतं, 1995 पर्यंत ते अकरा हजारांच्या पुढे गेलं.

आठ फाशींबद्दल बोलतो. उत्तर कोरियाच्या इशाऱ्यावर क्रांती पक्ष पुन्हा उभारला, असा आरोप ठेवून गुप्तचर संस्थेनं काही जणांना पकडलं. कबुलीजबाब छळ करून मिळवलेले. 8 एप्रिल 1975 रोजी सर्वोच्च न्यायालयानं आठ जणांची फाशी कायम केली. दुसऱ्या दिवशी पहाटे, अठरा तासांच्या आसपास, आठही जणांना फासावर दिलं. घरच्यांना शेवटची भेटही मिळाली नाही. जानेवारी 2007 मध्ये फेरसुनावणीत न्यायालयानं आठही जणांना निर्दोष ठरवलं. बत्तीस वर्षांनी. या आठ जणांच्या मरणानं एक टन पोलाद वाढलं नाही, एक मैल रस्ता लांबला नाही. तरीही 'पार्कनं देश घडवला, थोडं इकडं तिकडं झालं' या वाक्यात ते आठजण कुठं जातात? त्या 'थोड्या'त. मला या वाक्याची चीड येते, आणि ती लपवायची मला गरज वाटत नाही.

आता आपल्या पायाखालची जमीन. आपण बसलो आहोत ती वाशी 1970 नंतर नियोजन करून वसवलेली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांची भातशेती आणि मिठागरं त्यात गेली. तसंच काम तेव्हा सोलमध्येही चालू होतं. सोलच्या झोपडपट्ट्या उठवून लोकांना शहराबाहेर डोंगराळ माळावर नेऊन टाकलं. आज त्या जागी सोंगनाम हे शहर आहे. पाणी नाही, काम नाही, वर जागेचे पैसे एकरकमी भरा म्हणून नोटिसा. 10 ऑगस्ट 1971 रोजी हजारो माणसं भडकली, सरकारी गाड्या जाळल्या. पार्कच्या सरकारनं त्याच दिवशी मागण्या मान्य केल्या. काहींना तुरुंगातही टाकलं. पण मागण्या मान्य केल्या, कारण विरोधी पक्ष आणि वर्तमानपत्रं अजून जिवंत होती. वर्षभरानं युशिन आलं आणि ही वाट बुजली.

आपल्याकडे जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. ते लोकशाहीतच झालं. मी ते झाकणार नाही, आणि इथल्या आगरी-कोळी घरांत ते कुणी विसरलेलंही नाही. पण या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील रस्त्यावर होते तसे विधिमंडळातही होते, लोकसभेतही गेले. त्यांचं तोंड बंद करता आलं नाही, आणि अखेर सरकारला साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण मान्य करावं लागलं. शहर थोडं उशिरा झालं असेल. ज्यांची जमीन गेली त्यांचा त्यात काही तरी वाटा राहिला.

मघाशी मागून चिठ्ठी आली आहे: "पण कोरियन लोक स्वतः पार्कला मानतात ना?" हो, बरेच जण मानतात. त्याच्या जन्मगावी, गुमीला, त्याचा भव्य पुतळा आहे. त्याची मुलगी 2012 मध्ये निवडणूक जिंकून अध्यक्ष झाली. पण त्या निवडणुकीआधी तिला वडिलांच्या बंडाबद्दल, युशिनबद्दल आणि त्या फाशींबद्दल जाहीर माफी मागावी लागली. जॉन ते-इलचाही पुतळा सोलमध्ये आहे, तो ज्या बाजारात काम करायचा त्याच्याजवळच्या पुलावर. शिवाय अगदी अलीकडची गोष्ट. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री अध्यक्ष युन सक-योल यांनी अचानक लष्करी कायदा जाहीर केला. थंडीत लोक संसदेकडे धावले. खासदारांनी आत शिरून, सैनिक इमारतीत असताना, 190 विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला, आणि पहाटेपर्यंत कायदा मागे घ्यावा लागला. 4 एप्रिल 2025 रोजी घटना न्यायालयानं युन यांना पदावरून काढलं. त्या रात्री फाटकाशी उभ्या असलेल्यांत युशिनचा काळ पाहिलेले म्हातारे होते, आणि त्यानंतर जन्मलेली पोरंही. पोहांगच्या पोलादाचा फायदा या दोघांनाही मिळालेला होता.