मर्झुगाच्या वाळूत एक रात्र: उंटावर बसण्यापूर्वी

नमस्कार. मोरोक्कोला जायचे ठरले की सहारातील एक मुक्काम प्रत्येकाच्या बेतात असतोच, आणि बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते. मराकेशमध्ये दोन दिवसांची म्हणून जी वाळवंटाची सहल विकली जाते, ती सहसा झागोराच्या परिसरातच संपते, आणि तिथली वाळू पाहून मन भरत नाही. शाळेच्या भूगोलात वाचलेल्या वालुकागिरी त्यांच्या खऱ्या उंचीसह पाहायच्या असतील, तर अल्जीरियाच्या सरहद्दीजवळच्या मर्झुगा गावी, एर्ग शेब्बी या वाळूच्या टेकड्यांच्या पट्ट्यात जावे. तिथे काही टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत. मराकेशहून हे अंतर सुमारे 560 किलोमीटर असून वाटेत 2260 मीटर उंचीचा तिझी न् तिश्का घाट लागतो, म्हणून तीन दिवस मोकळे ठेवूनच निघा.

आता उंटाकडे वळू. सांडणीस्वारांनी मराठी मुलखात पत्रे पोहोचवली त्याला फार काळ लोटला, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना या जनावराची सवय उरलेली नाही. उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो आणि बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो. म्हणजे दोन्ही वेळी स्वाराला मोठा हिसका पुढच्याच बाजूला बसतो. दोन्ही वेळी खोगिराची लोखंडी दांडी घट्ट धरून मागे रेलायचे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदमच उचलतो, त्यामुळे अंग डावीउजवीकडे हेलकावत राहते. नवखा माणूस मांड्या आवळून हे हेलकावे थोपवू पाहतो आणि अर्ध्या तासात त्याच्या मांड्या भरून येतात. कंबर सैल सोडली की तीच चाल सोसवते.

मी सर्वाधिक वेळ पाहत राहिलो ते त्याचे पाऊल. खूर असे जवळपास नाहीच. दोन बोटांखाली मऊ, रुंद गादी असते, ती टेकताच पसरते आणि वाळूवर भाकरीएवढा गोल ठसा उमटतो. आपला पाय घोट्यापर्यंत रुततो तिथे एवढे थोरले जनावर वरच्यावर चालते. उंटावरून शेळ्या हाकणे असे आपण म्हणतो खरे, पण इथे हाकणारा स्वतः पायीच असतो. आमचा अमाझिग (म्हणजे बर्बर, उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी) उंटवाला दोर धरून अनवाणी पुढे चालत होता आणि वाऱ्याकडच्या घट्ट उतारावरूनच वाट काढत होता, कारण आडोशाच्या बाजूची वाळू मोकळी असते आणि पायाखालून घसरते.

माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. बसण्यापूर्वी खोगिराच्या कडेखाली जखम तर नाही ना, जनावर लंगडत तर नाही ना, हे स्वतः पाहा. शंका आली तर उंट बदलून मागा किंवा चालत जा. छावणीपर्यंतची वाट बहुधा तास-दीड तासाचीच असते. उंट सोसतो म्हणून त्याला काहीच होत नाही, असे समजू नये.

सामानात चाकांची बॅग नको, लहान सॅक पुरते. पूर्ण लांबीची विजार, तोंड झाकता येईल असे लांब सुती कापड आणि हिवाळ्यात खरोखरीची उबदार जाकिटे हवीत, कारण पारा शून्याजवळ उतरू शकतो. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश जमिनीची उष्णता रोखून धरत नाही. फेब्रुवारीतल्या त्या रात्री मी तंबूबाहेर बसून वाळूत हात खुपसला, तेव्हा वरचा थर बर्फासारखा गार होता, आणि वीतभर खाली दुपारची ऊब अजून शिल्लक होती.

जेवणात ताजीन म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा, खोब्झ म्हणजे तिथला पाव, आणि पुदिन्याचा गोड चहा मिळतो. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच सांगा.

तारे नीट दिसावेत म्हणून तारखा मात्र अमावास्येच्या आसपासच्या निवडा. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांच्या आसपास दिसतो, मर्झुग्यात तो 31 अंशांवर असतो. मान सवयीने खाली शोधते आणि तारा वरती सापडतो. याउलट, आपल्याकडे दक्षिणेला चांगला वर येणारा अगस्त्य तारा तिथे जेमतेम सहा अंश चढतो. तंबूपाशी तो टेकड्यांआड राहिला, म्हणून रात्री अकराच्या सुमारास मी धापा टाकत माथ्यावर गेलो, आणि वाळूच्या कडेला टेकल्यासारखा तो लुकलुकताना दिसला.

पहाटे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उठा. सूर्योदय पाहून आम्ही टेकडीवरून खाली उतरलो तेव्हा उंट दुमडलेल्या पायांवर तसेच बसलेले होते, एकेकाचा पुढचा गुडघा दोराने बांधलेला होता. उंटवाल्याने एक एक गाठ सोडली, मानेवरून हात फिरवला आणि मग आम्हाला बसायला बोलावले. परतीची अर्धी वाट मी चालत आलो.