दोन कान, दोन सूर: बायनॉरल बीट्स ऐकताना

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या आवाजाबद्दल बोलणार आहे, तो मी तुम्हाला ऐकवू शकत नाही. स्टुडिओत त्याची सोय नाही असं नव्हे. घरातल्या एका स्पीकरच्या रेडिओतून तो तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही, कारण तो हवेत नसतोच. तो ऐकणाऱ्याच्या मेंदूत तयार होतो. त्याला बायनॉरल बीट्स म्हणतात.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये डोकावलात, तर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं कानात इअरफोन घालून बसलेली दिसतील. त्यातली काही गाणी ऐकतात, काही हे बीट्स. एकाग्रता वाढावी म्हणून. झोप लागत नाही म्हणून रात्री ऐकणारी मोठी माणसंही आहेत. मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो: "मॅडम, याने मेंदूला काही होणार नाही ना?" विचारतात हे चांगलंच आहे. पण माझा अनुभव असा, की काळजी मेंदूची केली जाते आणि धोका असतो कानाला. आज मला मुख्यतः हेच सांगायचंय.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. मिरजेत तंबोरा लावताना पाहिला असेल, तर अर्धं काम झालंच. जोडाच्या दोन तारा जवळजवळ सारख्या लागल्या आहेत, पण नेमक्या नाहीत, अशा वेळी आवाज एकसंध येत नाही. तो लहान-मोठा, लहान-मोठा होत राहतो. एक तार सेकंदाला १३० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी १३२ वेळा, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. लावणारा मणी सरकवत सरकवत तो हेलकावा मंद करतो आणि शेवटी घालवतो. हे हेलकावे खरोखर हवेत असतात. मायक्रोफोन ठेवलात, तर तोही टिपेल.

आता कल्पना करा, की एक सूर फक्त डाव्या कानात जातोय आणि दुसरा फक्त उजव्या. डावीकडे २०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २०० कंपनं, उजवीकडे २१०. हवेत दोघांची भेटच होत नाही. तरीही ऐकणाऱ्याला सेकंदाला दहा हेलकावे जाणवतात. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख विल्हेल्म डोव्हे यांनी १८३९ मध्ये ही गोष्ट नोंदवली. तेव्हा ना हेडफोन होते, ना वीज घरोघरी पोहोचली होती.

हे घडतं मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात. दोन्ही कानांकडून आलेले संदेश तिथे पहिल्यांदा एकत्र येतात आणि त्यांच्या वेळेतला फरक मोजला जातो. रस्त्यावर मागून हॉर्न वाजला, तर तो डावीकडून की उजवीकडून हे आपल्याला वळून न पाहता कळतं, ते याच मोजणीमुळे. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो! मला आजही याचं आश्चर्य वाटतं. जी यंत्रणा आपल्याला गाडीखाली येण्यापासून वाचवते, तिलाच दोन स्थिर सूर दिले की ती हेलकावे ऐकवू लागते. मात्र हे साधारण हजार हर्ट्झच्या आतल्या सुरांवरच नीट जमतं, आणि दोन सुरांतला फरक तीसेक हर्ट्झच्या पुढे गेला, की हेलकावा संपून दोन वेगळे सूर ऐकू येतात. एका कानाने ऐकू कमी येत असेल, तर हा अनुभव येत नाही किंवा फार अंधुक येतो.

१९७३ मध्ये गेराल्ड ऑस्टर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात यावर लेख लिहिला आणि विषय पुन्हा चर्चेत आला. पुढे अमेरिकेत रॉबर्ट मन्रो यांनी या तंत्राच्या ध्वनिफिती काढल्या. ते मूळचे रेडिओच्या क्षेत्रातले, हे इथे आवर्जून सांगावंसं वाटतं. त्यांच्या मागोमाग कॅसेट, सीडी, आणि आता मोबाइलवरची ॲप्स.

दावा असा असतो: शांत, डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या मेंदूत अल्फा लहरी असतात, सेकंदाला आठ ते तेरा. मग दहाचा हेलकावा ऐकवला की मेंदू त्याच्या मागे जाईल आणि माणूस शांत होईल. झोपेसाठी संथ डेल्टा लहरी, अभ्यासासाठी जलद बीटा लहरी. ऐकायला अगदी पटतं. पण मेंदू असा बटणावर चालत नाही. २०२३ मध्ये या प्रश्नावरच्या १४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. मेंदूच्या लहरी खरंच हेलकाव्यामागे जातात असं पाच अभ्यासांत दिसलं, आठांत तसं दिसलं नाही, एकाचा निष्कर्ष मिश्र होता. त्याच वर्षी पोलंडमधल्या संशोधकांनी घरी बसून बीट्स ऐकणाऱ्यांची बुद्धिचाचणी घेतली, तर ऐकणाऱ्यांची कामगिरी सुधारण्याऐवजी घसरलेली आढळली. परीक्षेच्या तयारीत असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग सगळं खोटं का? नाही. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या रुग्णांवर एक चाचणी झाली. बीट्स मिसळलेलं संगीत ऐकणाऱ्यांची चिंता सरासरी २६ टक्क्यांनी कमी झाली, तसंच संगीत बीट्सविना ऐकणाऱ्यांची ११ टक्क्यांनी, आणि काहीच न ऐकणाऱ्यांची जेमतेम चार टक्क्यांनी. म्हणजे घाबरलेल्या माणसाला थोडा आधार मिळू शकतो. नुसतं संगीतही काम करतं, हेही त्यातच आलं. म्हणून माझं मत असं: मन शांत करायला याचा उपयोग करून पाहायला हरकत नाही. स्मरणशक्ती दुप्पट, आठ तासांची झोप अर्ध्या तासात, असल्या जाहिरातींवर मात्र एक रुपयाही घालवू नका.

आता कानाचं. हेलकावा हळू असो वा जलद, तो कानाला इजा करत नाही. इजा करतो आवाजाचा जोर आणि ऐकण्याचा वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकला तर चालतो. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल. आणि दर तीन डेसिबल वाढले, की वेळ निम्म्यावर येतो. ८३ला वीस तास, ८६ला दहा. बीट्स ऐकणारा आवाज वाढवतो कशासाठी? बाहेरचा गोंगाट झाकायला. शेजारी पंखा घरघरतोय, खाली रिक्षा थांबलीय, म्हणून आणखी दोन खाचा वर. हे करू नका. हेलकावा हळू आवाजातही जाणवतो. मोबाइलचा आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवा. हाताच्या अंतरावरून कुणी साध्या आवाजात हाक मारली, तर ती ऐकू यायला हवी.

पंधरा-वीस मिनिटं पुरेत. पहिल्यांदा ऐकाल, तेव्हा घरी, बसून, पुढे काही काम नसताना ऐका. डोकं दुखलं, गरगरलं, अस्वस्थ वाटलं की बंद करा. सवय होईल म्हणून रेटू नका. कानात शिट्टी किंवा गुंजन राहत असेल, तर आधी कान दाखवा. झोपताना ऐकायचं असेल तर टायमर लावा, रात्रभर इअरफोन कानात ठेवू नका.

गाडी चालवताना हे ऐकायचं नाही, दुचाकीवर तर मुळीच नाही. लोकलचे रूळ ओलांडणं तसंही जिवावरचं, त्यात कानात इअरफोन म्हणजे येणाऱ्या गाडीचा आवाजही गेला. आत्ताच म्हटलं, दिशा ओळखणारी यंत्रणा दोन्ही कानांवर चालते. तिला रस्त्यावर मोकळं ठेवा.

ज्यांना फिट येतात, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये. मानसोपचार चालू असतील, तरी तेच. झोपेची, रक्तदाबाची किंवा चिंतेची औषधं बीट्सच्या भरवशावर कमी करू नका. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर त्याचं कारण शोधायला हवं. आवाज बदलून पाहण्यात महिने जाऊ देऊ नका. अभ्यासाचा ताण असह्य होत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

एक कामाची गोष्ट राहिली. तुम्ही ऐकताय ते खरोखर बायनॉरल आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. दोन्ही इअरफोन घाला, हेलकावा जाणवू द्या, मग एक काढा. हेलकावा लगेच थांबला आणि नुसता सपाट सूर उरला, तर ते खरं. एका कानातही हेलकावा चालूच राहिला, तर तो बहुधा आधीच ध्वनिमुद्रणात मिसळलेला आहे. त्यात वाईट काही नाही, पण मग 'मेंदूचे दोन्ही अर्धे भाग जोडणारं तंत्र' म्हणून जास्तीचे पैसे कशाला द्यायचे? मात्र तसं ठरवण्याआधी मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू राहिलंय का पाहा. ते चालू असेल, तर दोन्ही सूर मिसळून दोन्ही कानांत सारखेच जातात आणि हेलकावा एका कानातही ऐकू येतो. ते बंद करा आणि पुन्हा ऐका, हळू आवाजात.

नमस्कार.