तीन पट्टे की पाच?

[दृश्य: चिंचेचं खोड. खार डोकं खाली करून उतरतेय.]

रामाने पाठीवरून बोटं फिरवली आणि खारीला तीन पट्टे मिळाले, अशी गोष्ट आपण ऐकलेली असते. मग पुण्यातल्या या चिंचेवरून उतरणाऱ्या खारीच्या अंगावर पाच कसे?

[चित्र थांबतं.]

मणक्यावरचा पट्टा धरा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. झाले तीन. बहुतेकांची मोजणी इथेच थांबते. आता नजर कुशीकडे न्या. खांद्याकडून मांडीकडे गेलेली ही फिकट रेघ दिसतेय? पलीकडच्या कुशीवर तिची जोडीदार आहे. ही पाचपट्टी खार. बागा, गच्च्या, विजेच्या तारा, सगळीकडे हिचाच वावर.

कुशीची रेघ हुकते ती बघणाऱ्याच्या जागेमुळे. मागून पाहिलं की ती अंगाच्या गोलाईआड जाते. दुपारी ऊन डोक्यावर असताना पाठ चमकते आणि कूस सावलीत बुडते. थंडीत खार अंग फुगवून बसली, तर रेघ केसांतच मिटते. म्हणून सकाळी सात-साडेसातला, ऊन तिरपं असताना, बाजूने बघायचं. 8 बाय 42 ची दुर्बीण पुरते. कॅमेऱ्याचा शटर स्पीड 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेवा, कारण ओरडताना दर आवाजाला शेपटीला झटका बसतो. एकाच खारीचे दोन फोटो हवेत: एक पाठीचा, एक कुशीचा. नुसत्या पाठीच्या फोटोवरून जात ठरवू नये.

[दृश्य: खार खोडामागे सरकते.]

आपण फिरलो की तीही फिरते, खोड मध्येच. मागे धावण्यात अर्थ नाही. एकाने जागचं हलायचं नाही, दुसऱ्याने लांबून सावकाश पलीकडे जायचं. चालणाऱ्याला टाळता टाळता ती थांबलेल्याच्या पुढ्यात येते.

[दृश्य: आंबोली. धुकं, ओली झाडी, नुसता आवाज.]

हा पक्षी नाही. पक्षी बघणारेही इथे फसतात. ही घाटातली जंगली खार. अंग गडद, पट्टे बारीक, आणि तीनच. पण तीन मोजून काम संपत नाही. दक्षिणेतल्या वाड्या-बागांत दिसणारी तीनपट्टी खारही तीनचीच. तिचा रंग उजळ. तेव्हा पट्ट्यांच्या जोडीने अंगाचा रंग, झाडी आणि ठिकाणही टिपायचं.

आणि हो, ही चिपमंक नव्हे. चिपमंक ही परदेशातली पट्टेवाली खार. त्याच्या गालांवरही पट्टे असतात. आपल्या खारीचा चेहरा कोरा. चिपमंक गालांच्या पिशव्यांत दाणे भरून बिळात नेतो. आपल्या रानात तो नाहीच.

शेकरू राज्यप्राणी, त्याच्यासाठी 1985 साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं. या पट्टेवाल्यांकडे मात्र दुर्बीण वळत नाही. नोंदवहीत सगळ्या नुसत्या ‘खार’ होतात, आणि शहरातली खार घाटात कुठवर चढली हे नकाशावर उमटत नाही.

[दृश्य: परत पुण्यातली चिंच.]

तोंडात काथ्याचा पुंजका आहे. वर फांदीच्या बेचक्यात घरटं चाललंय. पुंजका ठेवायचा, खाली यायचं, पायपुसण्याचा कोपरा उपसायचा, परत वर. वाट तीच असल्याने कॅमेरा लावून बसायला घरट्यासारखी जागा नाही. फक्त दहा-बारा मीटर लांब बसा, नाहीतर ती तोंडातला काथ्या टाकून ओरडत बसेल.

ही चौथी फेरी. कूस आपल्याकडे आहे. मोजा.

[आवाज बंद. खार वर चढत राहते.]